व्हिक्टोरियन कादंबरीसाठी वही : पैसा, नाती आणि संबोधने यांची नोंद ठेवत कसे वाचावे

व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कादंबरी हाती घेतलेले पुष्कळ मराठी वाचक शंभराव्या पानाच्या आसपास ती खाली ठेवतात आणि कारण विचारले की भाषा जड असल्याचे सांगतात. भाषा जड असते हे खरे, पण ती शब्दकोशाने सुटते. अडते ते दुसरीकडेच. कोणाचे उत्पन्न किती, कोण कोणाचा कोण लागतो आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, या तीन गोष्टी आपल्या वाचकाला उपजतच कळतात असे त्या लेखकांनी धरले होते. त्या कळल्या नाहीत की पात्रे उगाच लाजतात, उगाच रागावतात आणि तीनशे पाने एका लग्नावर उगाच घालवतात असे वाटू लागते. पुढील टप्पे या तीन गोष्टी वहीत उतरवण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण नात्यांचा अर्थ बराचसा पैशावर आणि पैशाचा अर्थ काळावर अवलंबून असतो.

टप्पा १ : पुस्तक आणि वही

पहिले पुस्तक निवडताना अनेक जण प्रसिद्धीकडे पाहतात आणि डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’पासून आरंभ करतात. सदुसष्ट प्रकरणे, दोन निवेदने आणि डझनावारी कुटुंबे असलेले ते पुस्तक तिसरे किंवा चौथे म्हणून उत्तम आहे, पहिले म्हणून मुळीच नाही. अँथनी ट्रॉलपची ‘द वॉर्डन’ (१८५५) अवघ्या एकवीस प्रकरणांची आहे आणि तिचा सगळा पेच एका माणसाच्या वार्षिक उत्पन्नावर उभा आहे. वहीचा सराव करण्यासाठी इतकी सोयीची कादंबरी मला दुसरी माहीत नाही. त्यानंतर शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ (१८४७) किंवा एलिझाबेथ गॅस्केलची ‘वाइव्हज अँड डॉटर्स’ घ्यावी आणि मग जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’कडे वळावे.

आवृत्ती संपूर्णच असावी. संक्षिप्त आवृत्त्यांत कथानक राहते आणि भेटीगाठी, देणी-घेणी, नोकरांची बोलणी गाळली जातात. म्हणजे आपल्याला जे वाचायचे आहे नेमके तेच जाते. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर या सगळ्या कादंबऱ्या संपूर्ण आणि विनामूल्य मिळतात, परंतु तेथे बहुधा टिपा नसतात, म्हणून पहिल्या पुस्तकापुरती तरी टिपा असलेली छापील प्रत मिळवावी. टिपा वाचताना वाचाव्यात, प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी. विद्यापीठीय प्रस्तावना वाचकाने कादंबरी आधीच वाचली आहे असे गृहीत धरतात आणि दुसऱ्या पानावरच कोण मरते ते सांगून मोकळ्या होतात.

वहीत चार पाने आधीच आखून ठेवावीत : काळ, पैसा, नाती, संबोधने. पाचवे पान कोरे सोडावे. ते कायद्यासाठी लागेल.

तपासून पाहा : निवडलेली कादंबरी खरोखर व्हिक्टोरियन आहे का? राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी आहे. जेन ऑस्टेन १८१७ मध्येच वारली, त्यामुळे तिच्या कादंबऱ्यांवर ही वही चालेल, पण त्यांना व्हिक्टोरियन म्हणता येणार नाही.

टप्पा २ : कथेचा काळ निश्चित करणे

कादंबरी कधी छापली गेली आणि कथा कधी घडते, हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. ‘मिडलमार्च’ १८७१-७२ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु तिची कथा १८२९ ते १८३२ या काळात घडते, म्हणजे जवळजवळ संपूर्ण कथा व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वीची आहे. थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ १८४७-४८ मधली, पण तिच्यात १८१५ची वॉटर्लूची लढाई येते. लेखक आपल्या आईबापांच्या पिढीविषयी आपल्या पिढीच्या वाचकाशी बोलत असतो, आणि हे अंतर विसरले की त्याचा उपरोध हातातून निसटतो.

साल स्पष्ट दिलेले नसेल तर खुणा शोधाव्यात. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे सप्टेंबर १८३० मध्ये सुरू झाली. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती १८५३ मध्ये. पात्रे घोडागाडीनेच लांबचा प्रवास करत असतील तर कथा बहुधा चाळीसच्या दशकाच्या अलीकडे येत नाही. देशभर एका पेनीत पत्र जाण्याची सोय १८४० पासूनची आहे. त्याआधी पत्राचे पैसे बहुधा ते घेणाऱ्यालाच भरावे लागत, म्हणून लांबलचक पत्र पाठवणे हासुद्धा एक प्रकारचा भार होता. मताधिकार वाढवणारे कायदे १८३२, १८६७ आणि १८८४ मध्ये झाले. एवढ्या खुणा पहिल्या पानावर लिहून ठेवल्या तरी पुरतात.

टप्पा ३ : पैशाचे पान

येथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये.

आधी नाणी. १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे पेन्स २४०. ज्यांच्या आजी-आजोबांनी १६ आण्यांचा आणि १९२ पैंचा रुपया वापरला आहे त्यांना या पद्धतीचे नवल वाटू नये. आपण १९५७ मध्ये दशमान पद्धतीवर आलो, इंग्लंड १९७१ मध्ये आले. छापील मजकुरात पेनीसाठी रोमन लिपीतील ‘पी’ नसून ‘डी’ हे अक्षर येते, हे एकदा लक्षात घ्यावे. गिनी म्हणजे २१ शिलिंग. गिनीचे नाणे पाडणे व्हिक्टोरियाच्या आधीच थांबले होते, तरीही डॉक्टरांची, वकिलांची आणि चित्रकारांची फी गिनीतच सांगितली जाई. किराणावाल्याचे बिल पौंड-शिलिंगात आणि वैद्याची फी गिनीत, यातला एका शिलिंगाचा फरक हिशेबाचा नसून इभ्रतीचा आहे.

इशारा : पौंडाचे आजच्या रुपयांत रूपांतर करू नये. आमच्या वाचनमंडळात दर वेळी कोणीतरी भ्रमणध्वनी काढून आकडा सांगतो, सगळे ‘अबब’ म्हणतात आणि नंतर त्या आकड्याचा कोणालाही उपयोग होत नाही. त्या काळी मनुष्याचे श्रम स्वस्त होते आणि कापड, मेणबत्त्या, चहा त्या मानाने महाग; एकच गुणक दोहोंना लागू पडत नाही. रूपांतराऐवजी या उत्पन्नात किती नोकर ठेवता येत, हे विचारावे.

या प्रश्नाचे तयार उत्तर इझाबेला बीटन यांच्या १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात आहे. ते वहीत असे उतरवून घ्यावे :

वर्षाला सुमारे १००० पौंड : स्वयंपाकीण, वरची मोलकरीण, खालची मोलकरीण, मुले सांभाळणारी बाई आणि एक पुरुष नोकर.
७५० पौंड : स्वयंपाकीण, मोलकरीण, मुले सांभाळणारी बाई आणि हरकाम्या पोऱ्या.
५०० पौंड : स्वयंपाकीण, मोलकरीण, मुले सांभाळणारी बाई.
३०० पौंड : सर्व कामे करणारी एक मोलकरीण आणि मुले सांभाळणारी बाई.
१५० ते २०० पौंड : सर्व कामे करणारी एकच मोलकरीण.

या यादीच्या तळाशीसुद्धा नोकर आहेच. तिच्याखाली मध्यमवर्ग संपतो, आणि ‘आम्हाला मोलकरीण काढावी लागली’ हे वाक्य कादंबरीत का एवढ्या हळू आवाजात उच्चारले जाते ते येथे कळते. यादी १८६१ची आहे, म्हणून आधीच्या किंवा नंतरच्या दशकांसाठी ती अंदाजानेच वापरावी.

आता दुसरी मोठी गफलत. काही आकडे वार्षिक उत्पन्नाचे असतात आणि काही मुद्दलाचे, आणि वाचक दोन्ही एकाच रांगेत लिहितो. सरकारी रोख्यांवर त्या काळात बहुतेक काळ शेकडा ३ व्याज मिळे. खासगी कर्जावर किंवा गहाणावर ४ ते ५ धरावे. म्हणजे वर्षाला १०० पौंड सुरक्षितपणे हवे असतील तर सुमारे ३३०० पौंडांचे मुद्दल लागे. जेन एअरला वारसाने २०,००० पौंड मिळतात. हा आकडा अवाढव्य वाटतो, पण ३ टक्क्यांनी त्याचे वर्षाला ६०० पौंड होतात, म्हणजे जमीनदार नव्हे, तर सुस्थितीतला मध्यमवर्ग. ती त्याचे चार समान वाटे करते. ५००० पौंडांवर वर्षाला १५० पौंड, म्हणजे यादीतली शेवटची ओळ. त्याआधी थॉर्नफील्डच्या वाड्यात तिला गव्हर्नेस म्हणून, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई म्हणून, वर्षाला ३० पौंड आणि राहणे-जेवण मिळत होते. हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की तिच्या वाटणीची किंमत आणि तिच्या ‘एवढे मला पुरे’ या म्हणण्यातला खरेपणा, दोन्ही दिसतात.

‘द वॉर्डन’वर हाच प्रयोग करावा. धर्मादाय आश्रमाचा प्रमुख म्हणून हार्डिंग यांना वर्षाला ८०० पौंड मिळतात आणि आश्रमातील बारा वृद्धांना रोज प्रत्येकी १ शिलिंग ४ पेन्स; त्यात हार्डिंग स्वतःच्या पदरचे २ पेन्स घालतात. गुणाकार वाचकाने स्वतः करावा. दिवसाला १६ पेन्स म्हणजे वर्षाला २४ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. प्रमुखाचे उत्पन्न एका वृद्धाच्या सुमारे तेहतीस पट आहे. हार्डिंग सज्जन आहेत, वृद्धांवर त्यांची माया आहे, ते त्यांना वाद्य वाजवून दाखवतात. आणि तरीही तो तेहतीसचा आकडा वहीत बसून राहतो. कादंबरीला दोन्ही एकाच वेळी खरे ठेवायचे आहे.

प्रत्येक आकड्यापुढे तो पैसा कुठून येतो हे लिहिण्यासाठी एक रकाना ठेवावा : जमिनीचा खंड, रोख्यांचे व्याज, व्यापार, पेशा, पगार, की समुद्रापलीकडून. जेनचे पैसे मदीरा बेटावरच्या व्यापारी काकाकडून येतात. ‘व्हॅनिटी फेअर’मधला जोस सेडली कंपनी सरकारचा कलेक्टर म्हणून हिंदुस्थानात पैसा मिळवतो. समान उत्पन्नाची दोन माणसे एका पंगतीत का बसत नाहीत, याचे उत्तर बहुधा या रकान्यात सापडते. जमिनीतून आलेले ८०० पौंड आणि साबणाच्या कारखान्यातून आलेले ८०० पौंड त्या समाजात सारखे नव्हते.

जमिनीविषयी एक पोटसूचना. आपण ‘फार्मर’ शब्दाचे भाषांतर ‘शेतकरी’ असे करतो आणि डोळ्यांसमोर स्वतःच्या चार एकरांत राबणारा माणूस येतो. त्या कादंबऱ्यांतला फार्मर बहुधा जमीनदाराची जमीन खंडाने घेतो आणि मजूर लावून ती कसतो. म्हणजे जमिनीवर तीन थर आहेत : मालक, खंडकरी, मजूर. खंड आणि करार वर्षातील चार ठरलेल्या दिवसांशी बांधलेले असत : २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांत ‘लेडी डे’ (२५ मार्च) जवळ आला की घराघरात अस्वस्थता का पसरते ते सांगावे लागणार नाही.

तपासून पाहा : पहिल्या पाच प्रकरणांनंतर तरी प्रमुख पात्रांपैकी तिघांच्या नावापुढे आकडा आणि स्रोत आला आहे का? आला नसेल तर मागे जावे. लेखकाने तो बहुधा सांगितलेला असतो, आपणच तो वर्णन समजून ओलांडलेला असतो.

टप्पा ४ : नात्यांचे पान

या पानावर मराठी वाचकाकडे इंग्रज वाचकापेक्षाही चांगले हत्यार आहे आणि तो ते वापरत नाही. इंग्रजीत ‘अंकल’ म्हणजे काका, मामा, मावशीचा नवरा आणि आत्याचा नवरा. ‘आंट’ म्हणजे आत्या, मावशी, काकू, मामी. आणि ‘कझिन’मध्ये तर सगळी गर्दी. म्हणून नियम असा : वहीत इंग्रजी नातेवाचक शब्द लिहायचाच नाही. मजकुरातून खरे नाते शोधून काढायचे आणि मराठी शब्द लिहायचा. ते सापडेपर्यंत प्रश्नचिन्ह ठेवायचे.

मिसेस रीड ही जेन एअरची मावशी असावी असे मी पहिल्या वाचनात धरून चाललो होतो आणि सख्ख्या बहिणीच्या मुलीशी कोणी असे वागेल का, म्हणून तिला राक्षसीण ठरवून मोकळा झालो. प्रत्यक्षात ती मामी आहे. जेनच्या आईचा भाऊ म्हणजे मिस्टर रीड. त्याने मरताना बायकोकडून वचन घेतले की या पोरीला स्वतःच्या मुलांसारखी वाढव. म्हणजे रक्ताचे काही नाते नसलेली, नवऱ्याच्या बाजूची अनाथ मुलगी, आणि वचन मोडता येत नाही. ‘मामी’ हा एक शब्द लिहिताच त्या घरातली कुढ समजते. निर्दयपणा तसाच राहतो, पण तो ओळखीचा होतो. पुढे भेटणारी रिव्हर्स भावंडे जेनची आतेभावंडे आहेत, आणि ज्याचा पैसा तिला मिळतो तो जॉन एअर तिचा काका आणि त्यांचा मामा आहे. मामाने भाच्यांना वगळून सगळे पुतणीला दिले, असे मराठीत मांडले की तिने चार वाटे का केले याचे निम्मे उत्तर मिळते.

‘मिडलमार्च’मध्ये विल लॅडिस्लॉ हा कॅसॉबनचा ‘कझिन’ म्हणून वावरतो. शोधले तर तो कॅसॉबनच्या मावशीचा नातू निघतो. त्या मावशीने घरच्यांच्या मनाविरुद्ध एका पोलिश माणसाशी लग्न केले म्हणून तिला वारसातून तोडले होते. म्हणजे कॅसॉबन विलला जे पैसे देतो ते दान की थकलेले देणे, हा प्रश्न या एका नात्यात दडलेला आहे. ‘दूरचा भाऊ’ असे लिहून पुढे गेलेल्या वाचकाला तो कधीच दिसत नाही.

इशारा : विवाहयोग्य नात्यांविषयीची आपली सवय येथे लावू नये. ‘वदरिंग हाइट्स’मध्ये धाकटी कॅथरीन प्रथम लिंटनशी लग्न करते, जो तिचा आतेभाऊ आहे, आणि नंतर हेअर्टनच्या जवळ येते, जो तिचा मामेभाऊ आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात अनेक समाजांत चालते, आतेबहिणीशी त्यामानाने क्वचित, आणि चुलत बहिणीशी सहसा नाहीच. इंग्लंडमध्ये कायदा या सर्वांना सारखेच मानत होता. स्वतः राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये आपला मामेभाऊ अल्बर्ट याच्याशी लग्न केले. याउलट बायको वारल्यावर मेहुणीशी लग्न, जे आपल्याकडे मुलांच्या सोयीचे म्हणून वडीलधारेच सुचवत, ते इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यापासून १९०७ पर्यंत बेकायदेशीर होते. म्हणजे जेथे आपण दचकतो तेथे त्या काळचा वाचक शांत आहे आणि जेथे आपण पान उलटतो तेथे तो दचकला आहे.

जुन्या इंग्रजीतील एक सापळाही नोंदवून ठेवावा. डिकन्सच्या काही पात्रांच्या तोंडी सासूसाठी असलेला शब्द सावत्र आईसाठी येतो, आणि ‘फ्रेंड्स’ या शब्दाचा अर्थ कित्येकदा मित्र नसून घरची वडील माणसे असा असतो. ‘तिचे फ्रेंड्स या लग्नाला तयार नाहीत’ या वाक्यातील विरोध मैत्रिणींचा नाही.

टप्पा ५ : संबोधनांचे पान

आपण माणूस ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’, एवढ्यावरून नाते ओळखतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम असल्यामुळे भाषांतर करताना किंवा मनात वाचताना आपण सगळ्यांना सरसकट ‘तू’ करून टाकतो आणि संवादातली निम्मी हालचाल गमावतो. ती हालचाल नावांत असते. म्हणून वहीत प्रत्येक महत्त्वाच्या जोडीसाठी दोन बाण काढावेत : हा त्याला काय म्हणतो आणि तो ह्याला काय म्हणतो. बाण बदलला की प्रकरण क्रमांक टाकावा.

याचा उत्तम नमुना ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये आहे. लोहार जो हा लहानग्या पिपला नेहमी लाडाने मित्रासारखी हाक मारतो. पिप लंडनमध्ये सद्गृहस्थ होतो आणि जो त्याला भेटायला येतो, तेव्हा त्याच्या तोंडून ‘सर’ बाहेर पडते. मध्येच जुनी हाक येते, पुन्हा ‘सर’ येते. मराठीत हा प्रसंग ‘तू’वरून ‘आपण’वर गेल्याशिवाय कळायचा नाही. पिप त्या वेळी चिडतो, आणि आपण जर बाण काढले नसतील तर तो कशावर चिडला हेच समजत नाही; टोपी पुन्हा पुन्हा पडण्यावर चिडला असे वाटते.

किताबांचे नियम थोडक्यात असे. ‘सर’ हा किताब पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही : ‘ब्लीक हाउस’मधले सर लेस्टर डेडलॉक हे ‘सर लेस्टर’, कधीही ‘सर डेडलॉक’ नव्हेत. पत्नी मात्र आडनावाने ‘लेडी डेडलॉक’. बॅरोनेट हा किताब वंशपरंपरेने चालतो, परंतु बॅरोनेट हा उमराव नसतो आणि उमरावसभेत त्याला जागा नसते. ‘लेडी’नंतर मुलीचे स्वतःचे नाव आले, जसे ‘वाइव्हज अँड डॉटर्स’मधली लेडी हॅरिएट, तर ती अर्ल किंवा त्याहून वरच्या उमरावाची कन्या आहे, कोणाची पत्नी म्हणून लेडी झालेली नाही. सासू आणि सून दोघी एकाच किताबाच्या असू शकतात. ‘मिडलमार्च’मध्ये सीलियाच्या लग्नानंतर दोन लेडी चेटम आहेत, आणि ‘डाउजर’ शब्द लागलेली ती सासू.

घरातली थोरली अविवाहित मुलगी फक्त आडनावाने ‘मिस’ असते आणि धाकट्या बहिणींच्या पहिल्या नावामागे ‘मिस’ लागते. ‘वाइव्हज अँड डॉटर्स’मधल्या दोन प्रौढ बहिणी मिस ब्राउनिंग आणि मिस फीबी अशा ओळखल्या जातात. ‘मिडलमार्च’मधल्या ब्रुक बहिणींपैकी ‘मिस ब्रुक’ म्हणजे थोरली डोरोथिया, सीलिया नव्हे. आणि थोरलीचे लग्न झाले की तीच हाक धाकटीकडे जाते. मोठ्या घरातल्या स्वयंपाकिणीला आणि गृहव्यवस्थापिकेला, लग्न झालेले नसले तरी, मानाने ‘मिसेस’ म्हटले जाई. डॉक्टरांतही भेद होता : फिजिशियन हा ‘डॉक्टर’ आणि सर्जन हा ‘मिस्टर’. त्यामुळे ‘मिडलमार्च’मध्ये ‘मिस्टर लिडगेट’ वाचून तो डॉक्टर नसावा असा समज करून घेऊ नये.

तपासून पाहा : गव्हर्नेस असलेल्या पात्राभोवतीचे बाण पाहावेत. नोकर तिला ‘मिस’ म्हणतात, मालकीण तिच्याशी बोलतच नाही, पाहुणे तिच्यादेखत तिच्यासारख्यांची टवाळी करतात. ती नोकरांत बसत नाही आणि पाहुण्यांतही नाही. तिची नोंद तुम्ही ‘नोकर’ या सदरात केली असेल तर ती खोडावी.

टप्पा ६ : घर आणि नोकर

याला स्वतंत्र पान लागत नाही. समासात नोंद पुरते. पात्र पुढच्या दाराने आले की स्वयंपाकघराच्या, त्याला बसायला दिवाणखाना मिळाला की अभ्यासिका, जेवणाची वेळ दुपारची की संध्याकाळची, एवढे टिपावे. मुख्य जेवण जितके उशिरा तितके घर वरच्या थरातले, हा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो.

नोकरांची बोलणी मात्र वगळू नयेत. ‘जेन एअर’मध्ये मोलकरीण लिआ सहज म्हणून जाते की ग्रेस पूलला जो पगार मिळतो त्याच्या एक पंचमांशही आपल्याला मिळत नाही. शिवणकाम करत बसणाऱ्या एका बाईला एवढा पगार का, हा प्रश्न ज्याच्या पैशाच्या पानावर आला, त्याला थॉर्नफील्डच्या तिसऱ्या मजल्यावर काहीतरी आहे याची शंका नायिकेच्या बरोबरीनेच येते. अधिक सांगत नाही.

टप्पा ७ : हप्त्यांनी वाचणे

या कादंबऱ्यांपैकी पुष्कळशा एका बैठकीसाठी लिहिलेल्याच नव्हत्या. ‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ असे एकोणीस महिने दरमहा एका शिलिंगाच्या, बत्तीस पानी अंकांत आले. शेवटचा अंक जोडअंक. ‘मिडलमार्च’ आठ भागांत वर्षभर निघत होती. टिपा असलेल्या आवृत्तीत हप्ता कोठे संपला ते दिलेले असते. तेथेच थांबावे आणि त्या दिवशी पुढे जाऊ नये. थांबल्यावर वहीची चारही पाने अद्ययावत करावीत; याला पंधरा मिनिटे लागतात. हप्त्याच्या सुरुवातीला जुन्या पात्रांची आठवण करून देणारी वाक्ये येतात, ती पुनरुक्ती नसून महिनाभराच्या खंडानंतरची उजळणी आहे.

सलग आठ-दहा प्रकरणे वाचून काढण्याचा मोह सुट्टीत होतो. तो केल्यास नात्यांचे पान हमखास कोरे राहते.

‘वाइव्हज अँड डॉटर्स’ वाचणाऱ्यांसाठी विशेष सूचना : शेवटचे प्रकरण नाही म्हणून प्रत सदोष समजून परत करू नये. नोव्हेंबर १८६५ मध्ये गॅस्केल वारल्या तेव्हा ते लिहायचे राहिले होते, आणि शेवट काय होणार होता ते मासिकाच्या संपादकाने टिपण लिहून सांगितले आहे.

टप्पा ८ : लग्न जवळ आले की कायद्याचे पान

कोरे ठेवलेले पाचवे पान आता उघडावे. कादंबरीत लग्नाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न : कथेच्या सालात विवाहित स्त्रीची मालमत्ता कोणाची? इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्याप्रमाणे लग्न होताच तिची रोकड आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्या ताब्यात जाई. १८७० च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिच्याकडे राहिली आणि १८८२ च्या कायद्याने सर्व मालमत्ता. श्रीमंत बाप यातून वाट काढत : लग्नाआधी करारपत्र करून पैसे विश्वस्तांच्या हाती देत. म्हणून लग्नाच्या बोलणीत वकील आला की ते कंटाळवाणे पान समजून उलटू नये. करारपत्र झाले नाही, असे ज्या घराविषयी कळते त्या घरातल्या मुलीच्या नावासमोर वहीत खूण करावी. घटस्फोटासाठी १८५७ पर्यंत सामान्य माणसाला न्यायालयाची वाट जवळजवळ नव्हतीच. त्यानंतरही नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. थोरल्या मुलाकडे सगळी जमीन जाणे आणि सध्याच्या मालकाला ती विकता न येणे, हे बहुधा त्या घराण्याने स्वतः केलेल्या बंदोबस्ताचे फळ असते. आपल्या एकत्र कुटुंबातील समान वाटणीची कल्पना येथे बाजूला ठेवावी. धाकटे मुलगे सैन्यात, चर्चमध्ये किंवा वकिलीत का जातात, हे त्यांच्या आवडीनिवडीवरून नव्हे तर या बंदोबस्तावरून ठरते.

टप्पा ९ : एका प्रसंगावर वहीची परीक्षा

कादंबरी संपल्यावर मत लिहिण्याआधी एक निर्णायक प्रसंग निवडावा आणि पाचही पाने समोर ठेवून तो पुन्हा वाचावा. ‘मिडलमार्च’साठी मी त्र्याऐंशीवे प्रकरण सुचवतो, जेथे बाहेर वादळ चालू असताना डोरोथिया आणि विल समोरासमोर येतात. डोरोथियाच्या वारलेल्या नवऱ्याने, कॅसॉबनने, मृत्युपत्राला जोड लिहून ठेवली आहे की तिने विलशी लग्न केले तर त्याची मालमत्ता तिच्या हातून जाईल. डोरोथिया प्रेमासाठी सर्वस्व सोडते, असे बहुतेक वाचक लिहितात.

पैशाचे पान पाहावे. आईवडिलांकडून आलेले वर्षाला ७०० पौंड तिचे स्वतःचे आहेत आणि ते जाणार नाहीत; बीटनबाईंच्या यादीत ही जवळजवळ दुसरी ओळ आहे. नात्यांचे पान पाहावे. जी मालमत्ता ती सोडते त्या घराण्याने ज्या मावशीला तोडले, तिचाच नातू समोर उभा आहे. काळाचे पान पाहावे. प्रसंग १८३२ मधला आहे, करारपत्र नसेल तर ते ७०० पौंडही व्यवहारात नवऱ्याच्या हाती जातील, आणि कादंबरी छापली जात होती तेव्हा १८७० चा कायदा नुकताच झालेला होता. मग तिचे बोलणे पुन्हा वाचावे. माझे स्वतःचे उत्पन्न आपल्याला पुरेल, किंबहुना ते जास्तच आहे, मला नवे कपडे नकोत, आणि प्रत्येक वस्तूची किंमत काय असते ते मी शिकून घेईन, असे ती हुंदके देत सांगते. वर्षाला ७०० पौंडांत वाढलेल्या मुलीला आजवर एकाही वस्तूची किंमत माहीत नव्हती, ही नोंद तुमच्या वहीत आधीपासून होती का, तेवढे पाहावे. नसेल तर तिसऱ्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करावी.